गुणी वाण

कोंबडी दाणे टिपता टिपता मेली. ती आजारी पडली नव्हती, पंख पाडून कोपऱ्यात बसली नव्हती. चोच दाण्यात होती आणि ती तशीच राहिली. शेजारणीनं तिच्या अंगावर पाय देऊन तिच्या वाटणीचे दाणे खाऊन टाकले, कारण कोंबड्यांत सुतक पाळत नाहीत.

डॉ. निलांबरी इंगवले काचेआडून ते पाहत होती. सोमवारपासूनची ही एकविसावी. बाकीच्या दोन हजार कोंबड्या मजेत होत्या, आणि नेमकं तेच तिला खुपत होतं.

निलांबरी आंबेघरच्या कुक्कुट संशोधन केंद्रात उबवणी विभागाची प्रमुख होती. सात वर्षं खपून तिनं कोंबडीचं एक नवं वाण तयार केलं होतं. त्याची शंभर अंडी उबवायला ठेवली तर अठ्ठ्याण्णव पिलं बाहेर पडायची, आणि पहिल्या महिन्यात त्यांतलं एकही दगावायचं नाही. शुक्रवारी मंजुरी समिती येणार होती. समितीनं मान डोलावली की चार लाख पिलं अकरा जिल्ह्यांतल्या घराघरांत जायची होती. त्यासाठीच निलांबरी बाळंतपणाची अर्धी रजा सोडून कामावर आली होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली तिची रेवा दीड महिन्याची होती आणि या क्षणी केंद्राच्याच पाळणाघरात झोपली होती. आज तिथे लसीचा दिवस होता. अकरा वाजता रेवाला त्रिगुणी लसीची पहिली सुई टोचायची होती. सकाळपासून निलांबरीला काळजी होती ती मेलेल्या कोंबड्यांची कमी आणि त्या सुईची जास्त.

वाणाचं सगळं यश एका यंत्रात होतं, आणि ते यंत्रही तिचंच. तिनं त्याला नाव दिलं होतं स्पंदनचाळणी. अंड्यातल्या पिलाला रोगाची लागण झाली की त्याच्या पेशी बोंब मारतात, म्हणजे गजर-प्रथिन नावाचं एक रसायन सोडतात. त्यानं पिलाचं हृदय धावायला लागतं, अंग तापतं आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून एक वास बाहेर पडतो. माणसाला तो येत नाही, चाळणीला येतो. उबवणीच्या अठराव्या दिवशी प्रत्येक अंडं चाळणीवरून जायचं. ज्याची धडधड वाढलेली, ज्याला वास, ते बाद. उरलेल्यांतून पुढची पिढी घ्यायची. पहिल्या पिढीत शंभरातली अकरा अंडी बाद झाली होती. चौदाव्या पिढीत एकही झालं नाही.

वाणाचं नाव मात्र द्वारकामावशींनी दिलेलं. मावशी तीस वर्षं अंड्यांच्या ट्रेवर काम करत होत्या. सहाव्या पिढीच्या पिलांच्या डोळ्यांत मानमोडी रोगाच्या लसीचा थेंब टाकून झाल्यावर त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या, "मॅडम, लस दिली की पिलं दोन दिस मलूल पडत्यात बघा. ही पडलीच न्हाईत. लई गुणी हायती." निलांबरीला शब्द आवडला आणि वाणाचं नाव पडलं 'गुणी'. आपल्याकडे न रडणाऱ्या पोराला गुणी म्हणायची रीतच आहे. ते का रडत नाही हे विचारायची रीत नाही.

दहाच्या सुमारास डॉ. निसार तांबोळी आले. ते जिल्ह्याच्या पशुरोग प्रयोगशाळेतले शवविच्छेदनतज्ज्ञ. निलांबरीला त्यांनीच शिकवलं होतं. एरवी आल्या आल्या चहा मागणारा माणूस, पण आज त्यांनी काचपट्ट्यांची पेटी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसले.

"सर, काही सापडलं?"

"तू नऊ कोंबड्या पाठवल्यास. नऊंचीही हृदयं आतून पोखरलेली आहेत. एका दिवसात होणारं काम नाही हे, महिनोन्महिने चाललेलं. आत विषाणू ठासून भरलाय. पण कुठे सूज नाही. एक पांढरी पेशी तिकडे फिरकलेली नाही. घरात चोर शिरलाय आणि राखणीचं कुत्रं घोरत पडलंय."

"शक्यच नाही. यांतलं प्रत्येक अंडं चाळणीवरून गेलंय. रोग असता तर चाळणीनं—"

"चाळणी रोग शोधते?" तांबोळींनी विचारलं. परीक्षेत विचारायचे तसंच.

निलांबरीची नजर काचेपलीकडच्या कोंबड्यांकडे गेली.

"नाही," ती हळूच म्हणाली. "रोगाची तक्रार शोधते."

"तक्रार करणारी अंडी तू फेकून दिलीस. मग उरली कोण?"

"निरोगी." ती म्हणाली. "आणि रोगी असूनही तक्रार न करणारी."

"पहिल्या पिढीत असं हजारात एखादं असेल. पण हा विषाणू आईकडून अंड्यातच उतरतो. ज्या विषाणूनं गजर वाजू दिला तो अंड्यासकट कचऱ्यात गेला. ज्याला गजराची कळ बंद ठेवता आली, तो पुढच्या पिढीत गेला. असं चौदा वेळा. तुला वाटलं तू कोंबडी निवडतेयस. पोरी, तू विषाणू निवडत होतीस."

ते काही रागानं बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. बाद अंडी शून्यावर आली त्या दिवशी तिनं सगळ्या विभागाला पेढे वाटले होते. निदानाचं सर्वांत चोख यंत्र म्हणून तिनं जे बांधलं, त्यानं रोगाला मुकं राहण्याची तालीम दिली होती. शून्य म्हणजे रोग संपला असं ती समजली. प्रत्यक्षात फक्त बोंब संपली होती.

"सगळी पिलं नष्ट करू," ती उठत म्हणाली. "समितीला कळवते. अजून एकही पिलू फाटकाबाहेर गेलेलं नाही."

"बस खाली. या पेटीत दहा काचपट्ट्या आहेत."

"कोंबड्या नऊ होत्या."

"दहावी वाडकरांची आहे."

गजानन वाडकर केंद्राचे भांडारपाल. तीन आठवड्यांपूर्वी चहाचा कप हातात धरून हसता हसता गेले होते. पन्नाशीचा गडी, कधी शिंकही माहीत नव्हती. त्यांच्या आधी केंद्राचा एक ड्रायव्हर तसाच गेला आणि त्याआधी केंद्राच्याच रोपवाटिकेतल्या एक बाई. तिन्ही वेळा सगळे म्हणाले, भाग्यवान, हाल न होता गेले.

"जिल्हा रुग्णालयातल्या दोस्ताकडून नमुना मिळवला," तांबोळी म्हणाले. "तेच हृदय, तोच विषाणू. गजराची ती कळ कोंबडीत आणि माणसात फारशी वेगळी नाही."

निलांबरीनं दहावी काचपट्टी उचलून पाहिली. पोटुशी असताना नऊ महिने तिनं याच अंड्यांत हात घातले होते. आईकडून अंड्यात उतरतो, असं सर आत्ताच म्हणाले होते. तिला स्वतःची आठवणही झाली नाही.

"रेवाचं रक्त घ्या. आत्ता घ्या."

"रक्तात काय शोधू? गजरच वाजला नाही तर प्रतिपिंडं बनत नाहीत. खुद्द विषाणू शोधायचा तर नमुना पुण्याला जाणार. दहा दिवस लागतील."

"दहा दिवस मी काय करू, सर?"

तांबोळींनी चष्मा काढला. "एक उपाय आहे, पण तो अर्धाच. द्वारकाबाईंची पिलं लस दिल्यावर मलूल पडली नाहीत, हे तूच सांगितलं होतंस ना? त्रिगुणीनं बाळाला ताप येतो. ताप म्हणजे गजरच. ज्याला येतो त्याची कळ शाबूत आहे."

"आणि नाही आला तर?"

"काहीच सांगता येत नाही. दोन निरोगी बाळांतल्या एकाला तसाही येत नाही. पण आला, तर सुटलो म्हण."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. "फाटक बंद करा," निलांबरी म्हणाली. "कोणी बाहेर जायचं नाही." आणि ती पाळणाघराकडे धावत सुटली.

पाळणाघरात लसीची नऊ बाळं होती आणि त्यांच्या आठ आया, कारण त्यांत एक जुळं होतं. सगळ्या केंद्रात काम करणाऱ्या किंवा कामगारांच्या बायका. सिस्टरनं रेवाच्या मांडीत सुई खुपसली तशी रेवानं असा काही टाहो फोडला की शेजारच्या पाळण्यातला जागा झाला. निलांबरीच्या डोळ्यांत पाणी आलं. रडली! पण ते रडणं सुईचं होतं, दुखण्याचं. वेदना निराळी आणि गजर निराळा, हे ती डॉक्टर असल्यामुळे तिला कळत होतं. दोन मिनिटांत रेवा गप्पही झाली.

"तापाचे थेंब देऊन ठेवते सगळ्यांना," सिस्टर म्हणाली.

"नको. संध्याकाळपर्यंत कुणालाच देऊ नका."

"अहो मॅडम, पोरं फणफणतील!"

"फणफणू देत."

सिस्टरनं तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण मोठ्या मॅडमना कोण विचारणार? बाहेर फाटक का लावलं यावर बायकांत कुजबुज झाली. समिती येणार म्हणून असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि विषय मिटला.

निलांबरी दर अर्ध्या तासानं थर्मामीटर लावत राहिली. साडेअठ्ठ्याण्णव. पुन्हा साडेअठ्ठ्याण्णव. सुईच्या जागी गाठ आली का म्हणून ती बोटानं चाचपायची. मांडी लोण्यासारखी मऊ होती. तिनं आयुष्यात कधी नवस बोलला नव्हता. दुपारी तीन वाजता तिनं मनातल्या मनात गावच्या देवीला साडी कबूल केली, पोरीला ताप आण म्हणून. असं मागणं त्या देवीनं आजवर ऐकलं नसेल.

चार वाजता तिनं बाकीच्या बाळांचे पारे पाहायला सुरुवात केली. तिला आकडे हवे होते. दोघांत एकाला येत नाही, तर नऊंत चार-पाच जणांना यायला हवा. सिस्टर एकेका पाळण्याजवळ जाऊन सांगत होती. पहिल्याला नाही. दुसरीला नाही. जुळ्यांतल्या दोघांनाही नाही. प्रत्येक वेळी ती आई सुटकेचा श्वास टाकायची आणि निलांबरीच्या छातीत एक दगड वाढायचा. रेवा धरून आठ बाळं, आणि आठांची अंगं थंड. नशिबानं असं घडायचं तर आठ-आठ बाळांना अडीचशे वेळा लस टोचल्यावर एखाद्या वेळी घडावं, हा हिशेब ती नको नको म्हणत असतानाच तिच्या डोक्यात होऊन गेला.

नववं बाळ रंजना मेश्रामचं होतं. नवरा गोंदियाहून बदलून आलेला कारकून, सोमवारी रुजू झालेला. रंजना पोराला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती, आणि पोर किंचाळून किंचाळून लाल झालं होतं.

"पाहा ना जी मॅडम, कसा तापला माझा पोरगा!" ती रडवेली झाली होती. "बाकी साऱ्याईचे लेकरं पाहा, कसे चूप हायेत. यालेच काऊन झालं जी? थेंब देऊ द्या ना याले."

निलांबरीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेल्या तव्यासारखं होतं. एकशे दोन तरी असेल. चार दिवसांपूर्वी इथे आलेलं पोर, आपल्या सगळ्या ताकदीनं बोंब मारत होतं. तिला हात काढवेना. त्या उष्णतेवर तिचा जीव जडला. दुसऱ्याच्या लेकराचा असा हेवा वाटल्याची तिला लाज वाटली.

मग तिला उमगलं की आठही बाळांत विषाणू आहे म्हणजे तो माणसामाणसांतून पसरतोय, आणि आपला हात तिथे असायला नको. आपलाच नको, इथल्या कुणाचाच नको. चटका बसावा तसा तिनं तो ओढून घेतला.

"रंजना, थेंब दे त्याला आणि बाहेर पड. नवऱ्यालाही घे. फाटकावर तांबोळी सर आहेत. त्यांना सांग, तुम्हा तिघांना लांब कुठेतरी निराळं ठेवायला. वाटेत कुणालाही पोराला हात लावू देऊ नकोस."

"अन् तुमी?"

"आम्ही सगळे आत थांबतो."

रंजना भेदरून पोराला पदराआड घेऊन निघाली. दारापाशी बसलेली जुळ्यांची आई तिला वाट द्यायला बाजूला सरकली. तिच्या दोन्ही मांड्यांवर एकेक बाळ शांत झोपलेलं होतं. ती हसून निलांबरीला म्हणाली,

"आपण कशाला आत थांबायचं, मॅडम? आपल्या पोरांना तर काहीच झालेलं नाही."