दोन रांगा चिंचांच्या

हेमालीने दोनदा हॉर्न दिला, तरी रस्त्याच्या मधोमध उभा असलेला तो माणूस मान वर करून चिंचांकडे बघतच राहिला.

“ओ, मरायचंय का?” ती ट्रकच्या खिडकीतून ओरडली.

“नाही... सावली बघतोय.” तो बाजूला होत हसला. “तुमच्या टपावरही आहे. अर्धा तास थांबलात तरी तापणार नाही.”

ती हसली नाही. पण गिअर टाकायचा राहून गेला.

तो प्रज्योत. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांपैकी, शहरांतल्या झाडांचा अभ्यास करून परदेशातून परतलेला. चौलकडे जाणारा हा रस्ता रुंद होणार होता, आणि चिंचा वाचवण्यासाठी त्याने आठवडाभर सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. हेमाली वडिलांचा ट्रक घेऊन रोज इथूनच जायची. मग दोघांचा टपरीवर चहा होऊ लागला.

“ब्यूनस आयर्समध्ये रस्त्यावर जांभळ्या फुलांचा सडा पडतो,” तो सांगायचा. “बर्लिनमध्ये लिंडनच्या झाडांच्या रांगांमधून माणसं चालतात, गाड्या दोन्ही बाजूंनी. इथंही तसंच करायचं. चिंचा मधे, रस्ता बाजूंनी.”

“आणि माझा ट्रक?”

“तुम्ही काय... तुम्ही तो कुठूनही काढाल.”

तो बघत राहिला की तिला चहावर फुंकर घालावी लागे. चहा कधीच निवालेला असे.

एक गोष्ट मात्र तिच्या ओठांवर येऊन परत जायची. तोडलेली लाकडं वाहायचं काम तिच्या वडिलांनी, दिनानाथांनीच घेतलं होतं.

चिंचा तोडायच्या की ठेवायच्या, याचा निर्णय सोमवारी होणार होता. शनिवारी सकाळीच ठेकेदाराची माणसं करवती घेऊन हजर झाली. हेमाली रिकामा ट्रक घेऊन पोहोचली, तेव्हा प्रज्योत पहिल्या चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून उभा होता.

त्याने ट्रक पाहिला. मग तिला.

“तुम्ही... लाकडं न्यायला?”

“सांगणार होते—”

“कधी?”

वर झाडावर चढलेल्या माणसाची करवत घरघरली. जाड फांदी करकरली. “हट रे!” कुणीतरी ओरडलं. प्रज्योत हलला नाही.

हेमालीने ॲक्सिलरेटर दाबला. ट्रक उसळला, बरोबर त्या फांदीखाली जाऊन थांबला. वरच्या माणसाने घाबरून करवत बंद केली.

प्रज्योत धावत आला, दार खेचलं.

“वेडी आहेस का तू? फांदी पडली असती अंगावर!”

“‘तू’ म्हणालास मला...”

“हो. आणि आता परत ‘तुम्ही’ जमायचं नाही, हेमाली.”

तेवढ्यात मोटरसायकल येऊन थांबली. दिनानाथ.

“गाडी काढ.”

“सोमवारपर्यंत न्हाय, बाबा.” ती खाली उतरली, प्रज्योतच्या शेजारी उभी राहिली. “आणि... हा मला आवडतो. तेही सांगायचं होतं.”

दिनानाथांनी मुलीकडे पाहिलं. त्या पोराकडे पाहिलं. मग करवतवाल्यांकडे वळून म्हणाले, “उतरा रे खाली. आज माझी गाडी लाकडं न्यायची न्हाय. सोमवारी बघू.”

मोटरसायकलला किक मारता मारता ते थांबले.

“याला घरी घेऊन ये जेवायला. मला भांडायचं हाय त्याच्याशी. आन् उपाशी मानसाशी मी भांडत न्हाय.”