गप्प बसलेली मोटरसायकल

“माझ्या मोटरसायकलचा आवाज चोरीला गेलाय,” असं म्हणत फरशीवाला खुर्चीत बसला, तेव्हा डॉक्टरांना वाटलं, आपल्याच कानात काहीतरी बिघाड झालाय.

डॉक्टर दातांचे. निवृत्त झाल्यापासून बायकोच्या कामात लुडबुड करत. बायको खाजगी गुप्तहेर. सगळं गाव तिला ‘बाई’ म्हणे, आणि घरात डॉक्टरही. बाईंचं डोकं धावायचं, डॉक्टरांचं चालायचं. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

“काल संध्याकाळपर्यंत गाडी गर्जत होती,” फरशीवाला म्हणाला. “आज सुरू केली तर मांजरासारखी गुरगुरतेय. वर जुनं फडकं जळाल्यासारखा वास. कुणीतरी सायलेन्सरमध्ये हात घातलाय.”

“संशय कुणावर?” बाईंनी विचारलं.

“संशय कसला, खात्री आहे. माझी वरच्या मजल्यावरची भाडेकरू. गाणं शिकवते, आणि गाडीवरून रोज कुरबुर करते. तुम्ही पुरावा द्या, संध्याकाळपर्यंत खोल्या खाली करायला लावतो.”

फरशीवाल्याच्या अंगणात गॅरेजवाला आधीच येऊन उभा होता. त्याने सायलेन्सरच्या तोंडाचे दोन स्क्रू काढले आणि आतली भोकाभोकांची नळी बाहेर ओढली. नळीभोवती काचेच्या धाग्यांची पांढरी चादर घट्ट गुंडाळलेली होती.

“आवाज दाबायला हेच भरतात,” तो म्हणाला. “पण हे काम माझं नाही. आम्ही वरून तार आवळतो. इथे तार नाहीच.”

बाईंनी भिंग लावलं. चादरीच्या जोडावर सारख्या अंतरावर बारीक भोकं होती आणि त्यांत जळलेल्या दोऱ्याचे काळे तुकडे. चादरीचा काठ करवतीसारखा दातेरी होता.

“हे जमायला कसबी माणूस लागतो का?”

“छे हो. हातात स्क्रूड्रायव्हर धरता आला की झालं.”

वरच्या मजल्यावर पाऊल टाकताच फरशीवाला ओरडला, “हे बघा, सापडली.” गाणाऱ्या बाईंच्या खिडकीला तीच पांढरी चादर खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि त्या स्वतः दोन्ही हात खाजवत होत्या. काचेचे धागे अंगाला लागले की खाज सुटते, एवढं डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

“तुमच्या गाडीसाठीच लावलीय,” गाणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या. “परवा दिवसभर ठोकत बसले. हाताने फाडून लावली म्हणून हातांची ही दशा. उरलेला तुकडा जिन्याखाली ठेवलाय.”

जिन्याखाली काही नव्हतं.

“माझ्या शिकवण्या याच खोलीत चालतात,” त्या म्हणाल्या. “घर गेलं तर पोटावर पाय येईल. असला उद्योग मी कशाला करू?”

डॉक्टरांना त्यांची फार दया आली. पण खाज ती खाज, असं त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

खाली फरशीवाल्याची बायको शिलाई मशीनवर बसली होती. शिवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली. फक्त एका इवल्याशा झबल्याला चिठ्ठी नव्हती.

“ताईंना घालवू नका हो,” ती म्हणाली आणि झिगझॅग कात्री उगाच इकडची तिकडे ठेवली.

“मालकांशी बोललात?” बाईंनी विचारलं.

“कधी बोलणार? घरात सासूसासरे, दुकानात गिऱ्हाइकं. आम्ही दोघंच असतो ते फक्त गाडीवर.”

अंगणात सगळे जमले. डॉक्टरांनी घसा साफ केला. “खाज, चादर, भांडण. सगळं वरच्या बाईंकडेच बोट दाखवतंय.”

“अहो डॉक्टर, जो गाडी गप्प करणार, तो आदल्या दिवशी खिडकी कशाला ठोकत बसेल?” बाई म्हणाल्या. “शिवाय त्यांनी चादर हाताने फाडली. गाडीतली कातरलेली आहे. गॅरेजवाला तार आवळतो. सुती दोरा तापल्यावर जळतो, हे तो विसरणार नाही. फडकं जळाल्याचा वास त्या दोऱ्याचा.”

“मग कोण?” फरशीवाला म्हणाला.

“जिला काहीही जोडायचं म्हटलं की सुईदोराच आठवतो. कापडाचे दोरे सुटू नयेत म्हणून शिवणारा माणूस काठ झिगझॅग कात्रीने कापतो. सायलेन्सरच्या पोटातला काठ कोण बघणार होतं? पण हाताला लागलेली सवय. मशीनचा स्क्रूड्रायव्हर घरात, चादर जिन्याखाली.”

फरशीवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

“तुम्ही एवढे चिडाल असं वाटलं नव्हतं,” ती म्हणाली. “ताईंचं नाव आल्यावर सांगणारच होते, पण जीभ रेटेना.”

“पण का? तुला तर गाडी आवडते.”

“गाडी आवडते. पण मागे बसून मी एक गोष्ट किती वेळा सांगितली. तुम्हाला ऐकूच जात नाही.”

फरशीवाला तोंड उघडणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, “आता भांडू नका. नळी बसवून घ्या, यांना मागे बसवा आणि सावकाश एक चक्कर मारून या.”

दोघं गेली. गाडी इतकी मऊ चालत होती की डॉक्टरांना कोपऱ्यापर्यंत तिच्या बोलण्याची कुजबुज ऐकू येत होती. कोपऱ्यावर गाडी एकदम थांबली. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले.

थोड्या वेळाने फरशीवाला परत आला. गाडी बंद होती, बायको तिच्यावर बसलेली, आणि हा घामाघूम होऊन ढकलत होता.

“पेट्रोल संपलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“अहो, मी चालेन म्हणतेय तर ऐकतच नाहीत,” ती हसू दाबत म्हणाली.

“रस्त्यावर खड्डे आहेत,” फरशीवाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “डॉक्टर, मी बाप होणार आहे.”

डॉक्टरांना ते बिनचिठ्ठीचं झबलं आत्ता कुठे कळलं. बाईंना केव्हाच कळलेलं होतं, हेही त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

फरशीवाल्याने गाणाऱ्या बाईंसमोर हात जोडले. “ताई, चुकलं माझं. तुम्ही कुठेही जायचं नाही.”

मग तो गॅरेजवाल्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, “तेवढी तार आवळून दे. आणि बघ ना, आवाज अजून थोडा कमी होतो का.”