पाण्याकडे तोंड करून मांडलेले पान

ही हकीकत मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. ती माझ्यावर गुदरलेली आहे.

साल एकोणीसशे एकसष्ट. महिना वैशाख. ठिकाण, धामणगाव बढे या गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात असलेला एक जुना तलाव.

आणि वेळ दुपारची.

अशा गोष्टी रात्री घडतात, असा सर्वांचा समज असतो. माझाही होता. पण माझ्या बाबतीत जे घडले ते दर वेळी टळटळीत उन्हात घडले, माणसाची सावली पायाखाली आलेली असताना. त्यामुळे रात्रीचे भय मला आजही वाटत नाही.

दुपारचे वाटते...

उत्तम, तुळशीराम आणि मी अमरावतीला कॉलेजात एकाच खोलीत राहत होतो. ते दोघे धामणगावचे. मी देऊळगाव राजाचा. त्या वर्षी उत्तमला एक विचित्र खोड लागली होती. दुपारी तो एकटा बसत नसे. बोलता बोलता मागे वळून पाही. कारण विचारले की म्हणे, "झोप होत नाही बे."

त्याच्या सोबतीला मी दुपारचे तास बुडवून खोलीत थांबत असे. मला सख्खा भाऊ नाही. ती उणीव उत्तमने भरून काढली, असे मी माझ्या आईला सांगितले होते.

परीक्षा संपली त्या दिवशी त्याने माझा हात धरला.

"आठ दिवस आमच्या डोंगरात चाल. तलाव आटला की आमी गाळात डांगरं लावतो. खोपी हाय. हवा थंड हाय."

"आई वाट पाहत असेल रे."

"दोस्त म्हणतो ना मले? मंग चाल."

मी गेलो.

तलाव फार मोठा नव्हता. पाणी मध्यभागी आकसले होते आणि भोवती भेगाळलेल्या गाळाचे रुंद कडे पडले होते. त्या गाळातच डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल पसरलेले. काठावर एका आंब्याखाली तुराट्यांची खोपी. आम्ही पोचलो तेव्हा उत्तमची आई, तानाबाई, बाहेर आली. तुळशीरामकडे तिने पाहिलेही नाही. माझ्याकडे मात्र पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"उंची तेवढीच हाय," ती उत्तमला म्हणाली.

उत्तमने मान खाली घातली.

तुळशीरामने मला कोपर मारले. "भगवंता, तुयं जमलं बे! मावशीनं पोरगी पाहून ठेवलेली दिसते."

मी लाजलो. त्या लाजण्याचा आज मला संताप येतो.

पहिल्याच दुपारी जेवणाची पाने मांडली गेली. पळसाच्या पत्रावळी. तिघांच्या पत्रावळी खोपीच्या सावलीत, एका ओळीत. माझी थोडी दूर, पाण्याकडे तोंड करून.

"मी तिकडे एकटा का?"

"पाहुणा हायस," तानाबाई म्हणाली. "पाहुण्याले वारा लागला पाह्यजे."

माझ्या पानात खीर होती. उडदाचे वडे होते. कढी होती. दिवस आंब्याचे, झाडाखाली पाड पडलेला, आणि पानात आमरस नाही.

"मावशी, हा तर भाद्रपदातला स्वयंपाक झाला," मी हसून म्हणालो.

कोणीही हसले नाही.

क्षणभराने तुळशीरामच हसला. "खाय ना बे गुमान! लाड होऊन राह्यले तर याले महिने आठवतात."

मी जेवू लागलो. जेवताना सहज मागे पाहिले...

तिघेही माझ्याकडे पाठ करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तेच जेवण. तिसऱ्या दिवशीही तेच. माझा शर्ट धुवायला म्हणून तानाबाईने नेला आणि त्याच्या बदली एक घरी शिवलेली बंडी दिली. ती मला अगदी मापात बसली. उत्तमने मला त्या बंडीत पाहिले आणि तो उठून वेलांत निघून गेला.

त्याच दुपारी मी ते पहिल्यांदा ऐकले.

जेवणानंतर सगळे पडले होते. तलावावर दिवसभर टिटव्यांचा कलकलाट असे. तो एकाएकी थांबला. वारा थांबला. आंब्याचे पान हलेना.

मग पाण्यातून आवाज आला...

चुबुक... चुबुक... चुबुक...

गुडघाभर पाण्यातून कोणीतरी काठाकडे चालत येत होते. सावकाश. घाई नसलेल्या माणसासारखे.

मी उठून बसलो. पाण्यावर माणूस नव्हता. जनावर नव्हते. साधा तरंगही नव्हता.

आवाज मात्र येत होता. काठाशी येऊन तो थांबला.

थोड्या वेळाने मी धीर करून काठापर्यंत गेलो. वाळून दगड झालेल्या गाळावर ओली पावले उमटली होती. पाण्यातून निघून ती वर आली होती. मी जिथे जेवायला बसत असे, तिथवर.

परत जाणारी पावले नव्हती.

मी उत्तमला हलवून उठवले. पावले दाखवली. उन्हाने ती आमच्या डोळ्यांदेखत सुकत गेली.

"बदक असन," तुळशीराम म्हणाला.

"बदकाला माणसाचा पाय असतो का?"

तुळशीराम उत्तमकडे पाहत होता. आणि उत्तम, जो वर्षभर दर घटकेला मागे वळून पाही, तो त्या दिवशी एकदाही वळला नाही.

तेव्हाच मी निघायला हवे होते, असे वाचक म्हणतील. पण ज्या मित्रासाठी वर्षभर दुपारी जागलो, त्याच्या घरच्या अन्नाविषयी संशय मनात कसा आणावा? मी स्वतःलाच समजावले. उन्हाचा त्रास असेल. डोळ्यांचा भ्रम असेल.

मग माझी भूक गेली. दोन घास घेतले की पोट भरल्यासारखे वाटे. मी पाण्याचा तांब्या उचलायला वळत असे, आणि पुन्हा पानाकडे पाहिले की...

पान पुसून घ्यावे तसे स्वच्छ असे.

तानाबाई ते पाही आणि तिच्या डोळ्यांना धार लागे. मला वाटे, माऊली आहे, पाहुणा पोटभर जेवला याचे सुख मानते.

शेवटच्या दिवशी जेवण झाले. तानाबाईने माझ्या हातावर पाणी घातले. कपाळाला गंध लावले. मी संकोचून उठू लागलो, तोच तिने माझे पाय घट्ट धरले.

"मावशी, हे काय करता?"

ती माझ्याशी बोलत नव्हती.

"पुंजाजी, जेवला ना बाबू पोटभर? आता मागं काही ठेवू नको. घरी येऊ नको राज्या. धाकल्याले सोड. या पोराच्या संगं जाय."

टिटव्या थांबल्या होत्या.

मी उत्तमकडे पाहिले. "पुंजाजी कोण?"

तुळशीराम जमिनीकडे पाहू लागला.

"उत्तम, तीन वर्षे आपण एका खोलीत राहतो. पुंजाजी कोण?"

"माया मोठा भाऊ," उत्तम म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात बुडाला. इथंच. प्रेत भेटलं नाही."

आमच्याकडे भाद्रपदात, गेलेल्या माणसाच्या वयाच्या एखाद्याला पितर म्हणून जेवायला बोलावतात. तो मृताच्या जागी बसतो, पोटभर जेवतो, मानाने घरी जातो. त्यात लपवाछपवी नसते. बसणाऱ्याला ठाऊक असते की आपण कोणासाठी जेवतो आहोत. मीही लहानपणी माझ्या चुलत्यांना असे जाताना पाहिले होते.

मला कोणीही काहीही सांगितले नव्हते.

"भादव्यात कोणी बसलंच नाही," उत्तम बोलत होता. "साऱ्या गावाले मालूम हाय, तो दुपारचा घरी येते म्हणून. माया मागं येऊन उभा राह्यते. कपड्यातलं पाणी टपकते. बोलत काहीच नाही. अमरावतीलेही यायचा. तू खोलीत असला की नाही यायचा."

"मला सांगायचे होतेस."

"सांगतलं असतं तर तू जेवला असता काय?"

तुळशीराम पुटपुटला, "काही माहीत नसलेला माणूस लागते म्हणे. राजीखुशीनं जेवलेला..."

"आणि तू मला पोरीच्या नावाने हसवत होतास?"

तो मागे सरला.

"मले जगायचं होतं बे," उत्तम म्हणाला. त्याचा चेहरा मी निरखून पाहिला. वर्षभरात तो मला पहिल्यांदाच विसावलेला दिसला.

मी बंडी काढून टाकली. उघड्या अंगानेच, खोपीतला माझा शर्ट खांद्यावर घेऊन डोंगर उतरलो. धामणगावच्या मोटारीपर्यंत वाट कोरडी ठाक होती. तरीही माझ्यामागून सारा वेळ एकच आवाज येत होता...

चुबुक... चुबुक...

या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. कॉलेज मी सोडले नाही, खोली सोडली. सध्या देऊळगाव राजाला शिक्षक आहे. आईला यातले काही माहीत नाही. दुपारी ओटीवरची फरशी ओली का होते, असे ती विचारते. माठ पाझरतो, असे मी सांगतो.

तो मला त्रास देत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. तो येतो आणि असतो. कधी कधी माझ्या मनात येते, पाण्यात त्याचे हात सुटले तेव्हा काठावर कोण उभे होते? उत्तमने ते मला सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

गेल्या महिन्यात तुळशीराम आला. भर दुपारी. आई शेजारी वाती वळायला गेली होती. तो अंगणातच उभा राहिला.

"आत ये. पाणी तरी घे."

"नको. याच मोटारीनं जातो." त्याची नजर माझ्या खांद्यावरून घरात गेली आणि चटकन परत आली. "उत्तमचं लगन जमलं. वडनेर भोलजीची पोरगी हाय. कोकिळा."

"बरे झाले. कसा आहे तो?"

"चांगला हाय. दुपारचा झोपते आता." मग त्याने घसा साफ केला. "त्यानं सांगतलंय... तू येऊ नको. त्या बाजूनं फिरकूच नको त्या दिवशी. राग मानू नको बे भगवंता."

आणि माझ्या कानाशी लागून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात, त्याने लग्नाची तारीख सांगितली. मग जवळजवळ पळतच तो गेला.

मी दारात उभा राहिलो. मैत्रीत माणसाला काय काय द्यावे लागते, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. त्या क्षणी डोळे भरून आले.

तेव्हा माझ्या मागून, रिकाम्या घरातून, कोणीतरी बोलले.

तीन वर्षांत पहिल्यांदा.

आवाज तरुण होता. समजूतदार होता. पाण्याखालून यावा तसा जड होता.

"लगन कवा हाय?"

मी वळलो नाही. उत्तरही दिले नाही.

उत्तमने माझ्याशी जे केले, ते त्या अजाण मुलीच्या संसाराशी मी करू नये, एवढे मला कळते. मी तिला पाहिलेले नाही. तिचा काही अपराध नाही. रोज सकाळी मी हे स्वतःला बजावून शाळेत जातो.

पण आता तो रोज दुपारी विचारतो.

आणि रोज दुपारी ती तारीख माझ्या ओठांपर्यंत येते...