चौदा तुकड्यांचा नकाशा

रिसेप्शनवरची बाई त्या गुरुवारी जेवायला गेली होती, म्हणून काउंटरवरची घंटी ऐकून ईशानीला वर यावं लागलं.

लंडनजवळच्या रीडिंग शहरातलं ते जुन्या कागदपत्रांचं अर्काइव्ह तसं लहानच. वर वाचायची खोली आणि तळघरात फाटक्या कागदांची वर्कशॉप. ईशानी तिथे जुने नकाशे दुरुस्त करायची. ती तशीच वर आली — बोटांना चिकट काहीतरी लागलेलं, केस पेन्सिल खोचून वर बांधलेले. काउंटरपाशी एक उंच तरुण उभा होता. जानेवारीच्या भुरभुर पावसाने त्याच्या चष्म्यावर बारीक थेंब जमले होते. त्याने चिठ्ठी पुढे केली. इंजिनिअर आर्थर विंटल यांचा नकाशा, १९०८.

"सॉरी," ती इंग्रजीत म्हणाली, "तो दुरुस्तीला घेतलाय. चौदा तुकडे झालेत त्याचे. पूर्ण होईपर्यंत कुणालाच दाखवता येत नाही. मार्च उजाडेल."

तो नम्रपणे थँक्यू म्हणाला आणि वळता वळता स्वतःशीच पुटपुटला, "बोंबला... पावणेदोन तास ट्रेनमध्ये उभा राहून आलो."

ईशानीला हसू आवरेना.

"माझा बाबा असाच म्हणतो," ती मराठीत म्हणाली. "गाडी स्टार्ट नाही झाला की."

तो थबकला. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मग तिच्याकडे नीट बघितलं.

"गाडी स्टार्ट नाही *झाली* की," तो हळूच म्हणाला.

"ओके, सर. झाली."

त्याचं नाव अंशुमन. मूळचा मिरजेचा. वडील मिरज जंक्शनला बुकिंग क्लार्क होते, त्यामुळे रेल्वे त्याच्या रक्तातच. आता तो बर्मिंगहॅमला पीएच.डी. करत होता. ईशानीचा जन्म लंडनच्या एजवेअरचा, बाबा हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. मराठी घरात ऐकलेलं, तेवढंच.

"नकाशा नाही तर नाही. विंटलसाहेबांची पत्रं वाचतो," अंशुमन म्हणाला. "दर गुरुवारी येईन."

आणि तो दर गुरुवारी येऊ लागला.

एक वाजता दोघं केनेट नदीच्या काठी बाकावर जेवायला बसायची. तिचं सँडविच, त्याची जरा जाडसर झालेली पोळी आणि बटाट्याची भाजी. तिसऱ्या गुरुवारी सँडविच आणि पोळी यांची अदलाबदल झाली, ती कायमची.

तो तिला विंटलची गोष्ट थोडी थोडी सांगायचा. तुर्कस्तानच्या सुलतानाचं साम्राज्य तेव्हा खंगत चाललेलं. घरचा म्हातारा आजारी पडला की जसे दूरदूरचे नातेवाईक अचानक विचारपूस करायला यायला लागतात, तसं झालं होतं. जर्मनांना बगदादपर्यंत रेल्वे न्यायची होती. इंग्रजांची नजर तिथल्या तेलावर. सुलतानाच्या राजधानीत एकाच हॉटेलात जर्मनांचा ड्रेसलर आणि इंग्रजांचा विंटल समोरासमोरच्या खोल्यांत राहत. दोघेही सुलतानाच्या एकाच सहीसाठी आलेले.

"आणि गंमत म्हणजे," अंशुमन म्हणाला, "जर्मनांच्या करारात एक कलम होतं. रुळांच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस किलोमीटरपर्यंत जमिनीखाली जे सापडेल, ते रेल्वेवाल्यांचं. म्हणून विंटलने चोरून तो नकाशा काढला. तेलाचे किती झरे त्या पट्ट्यात येतात, ते बघायला."

"मग सही मिळाला?"

"मिळाली. म्हणजे नाही मिळाली. सही स्त्रीलिंगी."

"अंशुमन, सही मिळाली की नाही?"

"सांगतो ना... पुढच्या गुरुवारी." तो हसला. "सुलतानाच्या कचेरीतला कारकून रोज त्याला एकच सांगायचा — यारिन. म्हणजे उद्या."

तेव्हापासून नकाशा कधी होणार असं त्याने विचारलं की ती मान तिरकी करून म्हणायची, "यारिन."

एकदा तिच्या बोटांकडे बघत त्याने विचारलं, "हे काय लावतेस तू कागदाला?"

"पेस्ट. गव्हाच्या पिठाचा."

"खळ म्हणतात त्याला. आमच्याकडे पतंगाला लावायचो." त्याने तिच्या मनगटाजवळ वाळलेला एक पांढरा ठिपका नखाने अलगद काढला. नदीवरून एक हंस सावकाश गेला... तो दिसेनासा होईपर्यंत दोघं त्याच्याकडेच बघत राहिली.

फेब्रुवारीत त्याने सहज सांगितलं, की स्कॉलरशिप मार्चअखेर संपते. कोल्हापूरच्या कॉलेजात नोकरी ठरली आहे. सहा एप्रिलचं तिकीट.

ईशानी वर्कशॉपमध्ये परतली आणि टेबलाशी बसून राहिली. चौदापैकी अकरा तुकडे जोडून झाले होते. पातळ जपानी कागद, वर खळ, मग टिपकागद ठेवून वर दोन दिवस वजन. फार तर दहा दिवसांचं काम उरलं होतं. नकाशा झाला की त्याला रीडिंगला यायचं कारणच राहणार नव्हतं.

त्या दिवसापासून तिचा हात मंदावला. जोडलेले सांधे ती पुन्हा पुन्हा भिंगाखाली तपासू लागली. दोन मार्चच्या गुरुवारी ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "बारावा तुकडा नीट वाळला नाही. काढून परत लावायला लागेल."

"असू दे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माझं चौथं प्रकरण... त्या नकाशाशिवाय अडलंय खरं. पण असू दे. घाई नको."

तिने हातातली पोळी परत डब्यात ठेवली. आपल्या हट्टापायी याचा प्रबंध अडलाय, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

त्याच दुपारी तिने विंटलचं पुढे काय झालं ते विचारलं. आठ महिने तो थांबला, अंशुमन म्हणाला. शेवटी सही होणार असं ठरलं, आणि त्याच जुलैत तिथे क्रांती झाली. सुलतान नावापुरता उरला. ज्याची सही हवी होती, त्याच्या हातात काही राहिलंच नाही.

"बायकोला लिहिलंय त्याने," अंशुमन नदीकडे बघत म्हणाला, "मी फार सभ्यपणे थांबलो, तिथेच चुकलं."

ईशानीने पुढच्या दोन शनिवारी सुट्टी घेतली नाही. वर्कशॉपची प्रमुख हेलन हिला तिने फक्त एवढंच सांगितलं, की एक वाचक अडलाय. सोळा मार्चला, दहाव्या गुरुवारी, नकाशा वाचनाच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर पसरलेला होता. लाल रेषेत रेल्वे, तिच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टा, आणि काळ्या ठिपक्यांनी दाखवलेले तेलाचे झरे.

अंशुमन टेबलाशी आला. वाकून त्याने सांधे बघितले. "किती सुंदर केलंयस," म्हणाला. मग पाचेक मिनिटांतच त्याने वही मिटली.

"झालं?" ईशानीने विचारलं. "दहा आठवडे थांबलास, आणि पाच मिनिटं? मोजणार नाहीस ते झरे?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चल, बाहेर जाऊ," तो म्हणाला.

बाकावर बसल्यावर त्याने चष्मा काढून हातात धरला. "या नकाशाचा फोटो बर्मिंगहॅमच्या लायब्ररीत आहे. जानेवारीच्या शेवटी सापडला मला. झरे तेव्हाच मोजले. चौथं प्रकरण फेब्रुवारीत देऊनही टाकलं."

"मग अडलंय असं का म्हणालास?"

"तू म्हणालीस तुकडा परत लावणार. मला वाटलं, आता उगाच कशाला येतोस, असं म्हणशील... काहीतरी कारण हवं होतं ना यायला."

ईशानी त्याच्याकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बारावा तुकडा छान वाळला होता. एकदम परफेक्ट. मी खोटा बोलले."

"खोटं," तो नकळत म्हणाला. मग दोघंही हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे मी दोन शनिवार काम करून तुला लवकर पाठवलं," ती म्हणाली. "किती मूर्ख."

"मला तू आवडतेस, ईशानी," अंशुमन म्हणाला. "पण मी मिरजेचा, कोल्हापूरला नोकरी करणारा माणूस. तुझं सगळं इथे. मागायचा हक्क नाही मला."

"तू फार सभ्यपणे थांबतोस," ती म्हणाली, आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

उरलेले दोन गुरुवार फार भराभर गेले. सहा एप्रिलला तो दोन बॅगा घेऊन बर्मिंगहॅमहून आला. रीडिंग स्टेशनबाहेरून हीथ्रोला जाणारी बस सुटते. ड्रायव्हरने बॅगा आत टाकल्या. ढगांतून उतरलेलं ऊन ओल्या फरशीवर पडलं होतं.

"दर गुरुवारी तू जेवायला बसशील तेव्हा आमच्याकडे साडेपाच वाजलेले असतील," तो म्हणाला. "फोन करीन."

ईशानीने मान हलवली. मग एका दमात म्हणून टाकलं, "लंडनला इंडिया हाऊसमध्ये, भारताच्या वकिलातीत, पासपोर्ट दिलाय. व्हिसासाठी. हेलनने मे महिन्यात तीन आठवडे रजा दिली. आईला सांगितलं रविवारी. ती आधी रडली, मग तुमच्या गावाजवळ तिची मावशी आहे म्हणाली, सांगलीत. तिच्याकडे राहीन."

अंशुमनने चष्मा काढून पुसला, परत घातला. मग तिच्याकडे बघत राहिला.

"पुढचं काय, मला माहीत नाही," ती म्हणाली. "तिकडे नकाशे फाटतात का, तेही बघायचंय. पण मला येऊन बघायचंय. तुझी आई मला नाही आवडली तर... म्हणजे, तिला मी नाही आवडले तर..."

"आवडशील," तो म्हणाला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तशी त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकवले, आणि तो चढला.

बस वळणावरून दिसेनाशी झाली. ईशानी तिथेच उभी राहिली. आता पाच आठवडे. आजवर त्याची वाट बघताना ती कामाचा बहाणा करत आली होती. यावेळी बहाणा नव्हता, फक्त वाट बघणं होतं... आणि ते इतकं दुखेल, असं तिला वाटलं नव्हतं. शेजारी थांबलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, कुणाला सोडायला आली होतीस का?

"हो," ईशानी म्हणाली. आणि कुणी न विचारताच पुढे म्हणाली, "मेमध्ये मी जातेय त्याच्याकडे."