यादीतून गळालेल्या एकसष्ट जणी

ही यादी करणारा माणूस मूर्ख आहे, असं मी ज्याला तावातावाने सांगत होते, ती यादी त्यानेच केली होती.

किसुमू शहराच्या आरोग्य कार्यालयासमोरची चहाची टपरी. सरोवराकडून पावसाची सर आली आणि मी आणि एक अनोळखी माणूस एकाच पत्र्याखाली अडकलो. मी म्हणत होते, "माझ्या भागात एकशे नव्वद गरोदर बायका आहेत. घरभेटीच्या यादीत एकशे एकोणतीस. बाकीच्या एकसष्ट काय पाण्यात गेल्या?"

त्याच्या हातातला मांदाझी, तळलेला गोड पाव, तसाच राहिला. "ती यादी... मीच काढलीय," तो म्हणाला.

नाव मुसेम्बी. मचाकोसकडचा, कांबा जमातीचा, किसुमूत येऊन तीन महिने झालेले. डोळे अगदी शांत, आणि शांत माणसं पाहिली की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी अकेयो, मोटरसायकलवरून गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका. महिनाभर मी रजेवर होते. माझ्या जागी आलेली मुलगी यादीत असतील त्याच घरी गेली, त्यामुळे यादीबाहेरच्या न्यार असेम्बोकडे कुणी फिरकलंच नाही. आठवा महिना, पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. आदल्या दिवशी मीच तिला दवाखान्यात पोचवलं होतं, आणि ती वाचेल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते.

त्याने मला आत नेऊन संगणक दाखवला. डावीकडच्या तक्त्यात दवाखान्याची नोंदवही, उजवीकडच्या तक्त्यात आमच्या गावभेटींची वही. नावावरून त्याने दोन्ही तक्ते जोडले होते. दोन्हीकडे तेच नाव असेल ती बाई यादीत, बाकीच्या गुपचूप बाहेर.

दवाखान्यात लिहिलं होतं रोझलिन औमा. गावच्या वहीत न्यार असेम्बो, म्हणजे असेम्बो गावची लेक. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. घरात तिला तिच्या नावाने कोण बोलावणार? वही माझ्याच अक्षरातली होती, त्यामुळे माझा राग दुप्पट झाला. तुम्हीवरून मी सरळ तूवर आले.

"जोडी सापडली नाही तर ती बाईच नाही, हे यंत्राला कुणी सांगितलं?"

"मी. डावीकडच्या सगळ्या ठेव, उजवीकडे कुणी नसेल तर जागा रिकामी दाखव... असंही सांगता येतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या मोटरसायकलवर मागे बसून घरोघर यायला लागला. आम्ही तिसरा तक्ता करत होतो. प्रत्येकीच्या दवाखान्याच्या कार्डाचा नंबर, आणि त्यापुढे घरचे तिला काय म्हणतात ते. "हा मुका जावई कुठून आणलास गं?" एका सासूने विचारलं. मी तिच्यावर खेकसले. त्याचे कान लाल झाले होते... ते मी पाहिलं, आणि उगाच पुन्हा पाहिलं.

एकदा पावसात त्याने वही शर्टाखाली धरली आणि स्वतः चिंब झाला. मी त्याची अक्कल काढत होते आणि बोलता बोलता माझ्या खांद्यावरच्या लेसोच्या कापडाने त्याचं कपाळ पुसत होते. तो हलला नाही. नंतर दिवसभर मी स्वतःवर चिडून होते.

शुक्रवारी कार्यालयात साहेबांनी यादीतल्या चुकीचा अहवाल वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, गावच्या बायका खोटी नावं सांगतात आणि सेविका निष्काळजी आहेत. मुसेम्बी समोर बसला होता. त्याच्या तोंडाला कुलूप. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "माझ्या गाडीवर पुन्हा बसायचं नाही."

सोमवारी वरचे अधिकारी आले, आणि सगळ्यांसमोर मुसेम्बी उभा राहिला. "बायकांनी नावं बरोबर सांगितली. सेविकांनी बरोबर लिहिली. जोडणी मी चुकीची केली. शुक्रवारी मी घाबरून गप्प बसलो, तेही चुकलं." एकसष्ट जणी त्याच दिवशी यादीत आल्या. त्याची नोकरी महिनाअखेरीस संपेल, हेही तिथेच ठरलं.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बाकावर बसले होते. न्यार असेम्बोला मुलगी झाली होती आणि आई शुद्धीवर होती. मी रडून घेतलं होतं. तेवढ्यात तो आला, खांद्याला बॅग.

"ती बरी आहे, कळलं," तो म्हणाला. "रजा शिल्लक आहे... रात्रीच्या बसने गावी जातोय."

"जा. उरलेल्या गावांचा तिसरा तक्ता कोण करणार? माझा बाप?"

"नोकरी गेलीय, अकेयो."

"नोकरी किसुमूत दुसरी मिळत नाही का?"

"तू मला... थांब म्हणतेयस?"

"मी विनवणी करत नाही. शुक्रवारचा राग अजून गेलेला नाही, लवकर जाणारही नाही. आणि मला तू आवडतोस, त्याचा तर सगळ्यात जास्त राग येतो."

त्याने बॅग खाली ठेवली. मी बाकावर जराही सरकले नाही. अंग चोरून, उरलेल्या जागेत तो माझ्या शेजारी बसला.