नऊ नंबरच्या बाईंचा निरोप

वसुधाबाई दिघ्यांना जंगलाची हौस कधीच नव्हती. हौस होती ती बाथटबची. म्हणून लेकीला, स्पृहाला, सांवेर रोडच्या कारखान्यात बढती मिळाली आणि तिने सिमरोलच्या पुढे, सागाच्या रानात आत लपलेल्या एका महागड्या रिसॉर्टमध्ये दोन दिवसांचं बुकिंग केलं, तेव्हा बाईंनी जुनी इंदूर भागातली आपली निम्मी गल्ली गोळा करून ही बातमी सांगितली. रेल्वेच्या खिडकीत बसून तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची तिकिटं फाडली होती. आता त्यांची पाळी होती.

पोचल्या पोचल्या त्यांनी टबात डुंबून घेतलं, पांढरा झगा घालून फोटो काढून घेतले. मोबाइलला रेंज नाही म्हणून फोटो कुणाला पाठवता येईनात, एवढंच काय ते दुःख. जेवण झालं, स्पृहा आडवी झाली आणि चारच्या उन्हात बाई एकट्याच बाहेर पडल्या. बाकीची कॉटेजं आतून कशी आहेत ते बघायचं होतं, दुसरं काय!

सगळ्यांत शेवटचं, नऊ नंबरचं, नाल्याच्या कडेला झाडीत होतं. जाळीचं दार लोटलेलं. आत अंधार आणि सुकं खोबरं भाजल्याचा खमंग वास. पाट्यावर काहीतरी वाटल्याची घरघर ऐकू येत होती. इतक्या भारी कॉटेजात पाटा-वरवंटा कुठून आला, हे बाईंच्या डोक्यात यायला हवं होतं. पण तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण आहे? या ना. उभ्या का?"

झालं! बाई हरखूनच गेल्या. इंदूरमध्ये घरच्या घरीसुद्धा मराठीत निम्मी हिंदी मिसळलेली, आणि इथे भर जंगलात इतकी स्वच्छ मराठी.

"अय्या! तुम्ही मराठी?"

मग काय विचारता. पायरीवर उभ्याउभ्याच दोघींच्या पाव तास गप्पा झाल्या. माहेर कुठलं, मुलं किती, सांधे दुखतात का. बाई बोलत होत्या, आतली ऐकत होती, आणि घरघर एकदाही थांबली नाही.

"लेक आलीय ना बरोबर? तिला आणा की."

"हो, आणते ना. बरं, येते हं!"

दारातून निघताना 'जाते' म्हणू नये, हे का मी तुम्हाला सांगायला हवं? बाईंनी जन्मात कुणाच्या उंबऱ्यावर तो शब्द उच्चारला नव्हता.

वळणावर बागेचं काम बघणारे श्रीकृष्णजी पाइप गुंडाळत होते. बाईंनी उत्साहाने सांगितलं, "सुनो भैया, नऊ नंबर में हमारी मराठी बाई मिल गई! कित्ती गोड बोलते माहितीये!"

श्रीकृष्णजींच्या हातातला पाइप गळून पडला.

"बहनजी… नौ नंबर तो दो साल से खाली है। आधी छत गिरी पड़ी है।" त्यांनी आवाज खाली आणला. "निकलते टाइम क्या बोला आपने?"

"येते म्हटलं. आती हूँ. बेटी को लेके आती हूँ."

"यही… यही गलती आप मराठी लोग करते हो। वो किसी को पकड़ती नहीं। 'आती हूँ' बोलके जिसको लाने का कह दो, बस उसको बुला लेती है। पुणेवाली एक अम्मा बहू का बोल गई थीं। बहू भरी दोपहर उठके चल दी। आज तक नहीं मिली।"

बाई आपल्या कॉटेजकडे वळल्या. आणि त्याच वेळी पायवाटेवरून स्पृहा येताना दिसली. अनवाणी. डोळे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते.

"आ रही हूँ ना, आई… तूच तर आवाज दिलास…"

बाईंनी तिचा दंड धरला. इतकीशी काटकुळी पोर, पण दोघांना आवरेना. पाय नाल्याच्या दिशेने ओढतच होते.

"बोला हुआ वापस लो!" श्रीकृष्णजी ओरडले. "दरवाजे पे जाके साफ बोलो, जाती हूँ! इसको मैं पकड़ता हूँ!"

साठीच्या वसुधाबाई धावल्या. गुडघे, ब्लड प्रेशर, सगळं विसरून धावल्या. दाराशी पोचल्या तशी घरघर थांबली.

"आलात! आणि ती कुठाय?"

"ती… ती यायची नाही. मी… जा…"

"अहो, असं काय अभद्र बोलता?" आवाज मायेने भरलेला. "येते म्हणावं…"

आणि काय सांगू, साठ वर्षांची सवय ती! 'ये' ओठांपर्यंत आलाच होता. बाईंनी जीभ चावली. रक्ताची चव आली, आणि मग त्या सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "जाते! कायमची जाते! माझी पोर तुमच्याकडे कध्धी येणार नाही!"

मग आतून हळूच काहीतरी उत्तर आलं आणि बाई उलट पावली पळत सुटल्या.

स्पृहा वाटेवर बसली होती. "आई, माझी चप्पल कुठे गेली? मी इथे कशी?" बाईंनी तिला कवटाळलं. रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. जिंकल्याचा कैफ असा चढला की बॅगा त्यांनी स्वतःच डिकीत फेकल्या. दहा मिनिटांत गाडी फाटकाशी आली. ऊन अजून सोनेरी होतं. स्पृहा गाडी चालवत होती, बाई शेजारी.

श्रीकृष्णजी फाटक उघडायला आले आणि खिडकीशी वाकले. "जाती हूँ बोल दिया ना? गुस्सा हुई क्या?"

"छे हो!" बाई अजून धापा टाकत होत्या. "एकदम शांत. बोली, बरं, येते मग."

"मतलब?"

"मतलब… आती हूँ."

हिंदीत म्हटल्यावर तिच्या उत्तराचा अर्थ बाईंना पहिल्यांदाच ऐकू आला. त्यांचं हसू विरलं.

श्रीकृष्णजी मागे गेले, मागच्या सीटचं दार जोरात ढकलून बंद केलं आणि परत आले. "ठीक से लगा नहीं था, बहनजी।"

इंदूरहून निघाल्यापासून ते दार दोघींपैकी कुणी उघडलंच नव्हतं.