पितळी नळी

"अजून एक सूरही वाजवला नाहीत, आणि स्वतःलाच टाळ्या?"

रिकाम्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत फिरणारा नवा व्हायोलिनवाला दचकून वळला. दारात ती उभी... हातात ताटल्यांची चळत, कपाळावर पीठ.

"आवाज कसा घुमतो ते बघत होतो," तो हसला. "पण तुमच्या आवाजापुढे टाळ्या फिक्याच!"

ती मुळीच लाजली नाही. कान तेवढे लाल झाले.

ही इमारत म्हणजे एके काळची कापडाची पेढी. वर मालक, खाली तळघरात गठ्ठे आणि मधल्या भिंतीतून गेलेली पितळी नळी. मालकानं वरून नळीत हाक मारायची, खालून नोकरानं "आलो!" म्हणत धावायचं. आता वर जेवणाची टेबलं आणि नळीच्या तोंडाशीच छोटा रंगमंच, खाली तिचं स्वयंपाकघर. हॉटेल तिच्या मामाचं. त्यानं शोभेपुरती ठेवलेल्या नळीत वरून चिंध्यांचा बोळा कोंबला होता.

महिनाभर तो रोज संध्याकाळी वाजवायचा आणि त्याआधी सूप चाखायला खाली यायचा.

"मीठ कमी आहे."

"तुमचं बोलणं जास्त आहे."

मध्येच एकदा दाढी काढून आला. कारण विचारलं तर नुसता हसला.

आज त्याचा शेवटचा कार्यक्रम. उद्या दुसरं शहर. दुपारी येऊन त्यानं हळूच विचारलं, "मग... निघू मी?" आणि एरवी कुणाला न ऐकणाऱ्या या बाईची नेमकी तेव्हाच दातखीळ बसली. "सामान नीट बांधा," एवढंच ती म्हणाली.

आता कांदा चिरता चिरता ती सूपच्या पातेल्याशी भांडत होती. "सामान बांधा म्हणे! जाऊ नका म्हणायला काय झालं होतं? आवडतो मला तो... मेला, फार आवडतो!"

वर तालमीचं व्हायोलिन मध्येच थांबलं. भिंतीतली नळी खाकरली.

"पातेलं काय म्हणालं?"

तिच्या हातातली सुरी गळून पडली. "तो बोळा—"

"पहिल्याच दिवशी काढला. मला वाटलं, त्यामुळेच व्हायोलिनचा आवाज दबतोय."

"म्हणजे महिनाभर सगळं ऐकलंत? लाज नाही वाटली?"

"वाटली ना. बोकडासारखी दाढी म्हणालीस, त्याच रात्री काढली." नळीतला आवाज हळू झाला. "पण आवडतो असं आजच म्हणालीस. मी रोज वाट बघत होतो गं."

तिनं डोळे पुसले. ते पाणी कांद्याचंच होतं, असं तिनं पुढे कायम सांगितलं. मग नळीला ओठ लावून ती म्हणाली,

"बांधलेलं सामान सोड. आणि आधी खाली ये."

इतक्या वर्षांत त्या नळीतून खालून वर हुकूम पहिल्यांदाच गेला.

"आलो!"